शेऱ्याचा रकाना

प्रति,
माननीय अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सभासद,
ह्यूमन डेव्हलपमेंट अँड कॅपेबिलिटी असोसिएशन



पत्र मराठीत लिहिते आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. पण गेली तीस वर्षं मी इंग्रजीत जन्मलेल्या प्रश्नावल्या कळंब तालुक्यातल्या ओसऱ्यांवर बसून लोकांच्या गळी उतरवत आले. आता एक पत्र आपण कुणाकडून तरी समजून घ्यावं, एवढी तसदी द्यायला मी संकोच करत नाही. आपल्यात मराठी सभासद असतीलच. त्यांनी चहाच्या सुट्टीत वाचून दाखवावं.

मी कळंबची. जिल्हा धाराशिव; आपल्या जुन्या तक्त्यांत तो उस्मानाबाद या नावाने सापडेल. मांजरेच्या काठचं तालुक्याचं गाव, नदी ओलांडली की बीड जिल्हा. पेशाने मी सर्वेवाली. या पेशाला धड मराठी नाव नाही. मानधनाच्या पावतीवर कुणी ‘प्रगणक’ लिहितं, कुणी ‘क्षेत्र अन्वेषक’; गावात शिरलं की पोरं मात्र एकच ओरडतात, ‘ए, सर्वेवाल्या बाई आल्या!’ १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी बी.ए.ला असताना लोहारा भागात पहिले फॉर्म भरले. तेव्हापासून पुनर्वसन, पाणलोट, बचत गट, कुपोषण, रोजगार हमी, शौचालय, ऊसतोड आणि अलीकडे ‘वेल-बीइंग’, जे जे विद्यापीठांत शिजलं ते ते माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून गावात गेलं. फॉर्ममागे पैसे. एसटीचं तिकीट कधी मिळतं, कधी नाही.

आपलं नाव मला कळलं ते एका संशोधक मुलीमुळे. ती आमच्याकडे महिनाभर राहिली, जाताना दोन पुस्तकं ठेवून गेली. तिच्याकडूनच ऐकलं की २००४ साली इटलीत पाविया इथे आपली संघटना स्थापन झाली, पहिले अध्यक्ष अमर्त्य सेन, त्यांच्यानंतर मार्था नुसबाम, आणि आपल्या बुलेटिनचं नाव ‘मैत्रेयी’. हे शेवटचं ऐकून मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. धनाने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का, असं नवऱ्याला विचारणारी उपनिषदातली बाई! सेन यांनी १९९९ च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिच्यापासूनच सुरू केलं. आमच्याकडे असं विचारणाऱ्या बाईला ‘लई शाणी’ म्हणतात आणि पाण्याला पिटाळतात.

माणसाकडे काय आहे यापेक्षा त्याला काय करता येतं, काय होता येतं ते पाहा, हा आपला विचार मला मनापासून पटलेला आहे. म्हणूनच गाऱ्हाणं आपल्याकडे घेऊन आले. निव्वळ उत्पन्न मोजणाऱ्यांशी मी भांडले नसते.

प्रत्येक फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक रकाना असतो. त्याचं नाव ‘शेरा’. दोन बोटं उंच, पानाच्या रुंदीएवढा लांब. फॉर्ममधल्या बाकी सगळ्या घरांना आकडा लागतो: हो असेल तर १, नाही असेल तर २, सांगता येत नाही ८. शेऱ्याला आकडा नाही. म्हणून तो संगणकात चढत नाही. हे मला पहिली दहा वर्षं माहीत नव्हतं. मी तो रकाना भरून, उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत असे. एकदा शहरातल्या एका कार्यालयात फॉर्म पोचवायला गेले तर डेटा भरणारा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मागं नका लिहीत जाऊ, स्कॅनिंगला त्रास होतो.’ त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जेवढं सांगितलं तेवढं तो करत होता. त्या दिवसापासून मी शेरे माझ्या वहीत उतरवायला लागले. नाव न लिहिता, गावाचं नाव न लिहिता, नुसतं बोलणं. या पत्रात जे आहे ते त्या वह्यांतलं आहे.

मांजरेकाठच्या एका गावात, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, एका आजींना मी शिडीचा प्रश्न विचारला. आपल्याला तो पाठ असेल. समजा शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे. सगळ्यात वर तुम्हाला मिळू शकेल असं उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली वाईटात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? आजी शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘शिडी कशाला घालायलीस मधी? रुपयात इचार की माय.’ म्हटलं, बरं, रुपयात सांगा. ‘बारा आणे.’ निजामाच्या राज्यात वाढलेली बाई, तिचा हिशोब सोळाचा. मी मनात त्रैराशिक मांडलं: साडेसात. फॉर्मात साडेसातला घर नव्हतं. ऊन चढलं होतं, अजून चार घरं व्हायची होती, मी ८ लिहिले. जगाच्या समाधानात त्या दिवशी अर्ध्या पायरीची भर पडली ती अशी.

उठता उठता विचारलं, आजी, चार आणे कुठं गेले? म्हणाल्या, ‘दोन आणे धनेगावच्या धरणात बुडाले. दोन आणे लेकीच्या घरी अडकलेत, नांदवत न्हाईत तिला.’ मांजरा प्रकल्पाने आमच्या दोन्ही काठांची जमीन घेतली, त्यावर लातूरसारखं शहर पाणी पितं, आणि त्या जमिनीचा भाव एका बाईच्या आयुष्यातले दोन आणे. हे शेऱ्यात लिहिलं. आपल्यापर्यंत पोचला तो आठ.

आता भाषेचं. फॉर्म इंग्रजीत तयार होतो, शहरातली एखादी एजन्सी त्याचं मराठी करते आणि ते मराठी माझ्या हातात येतं. एक नमुना देते: ‘आपणास मूल्यवान वाटणारे जीवन निवडण्यास आपण कितपत सक्षम आहात?’ ईटकूरच्या रस्त्यावर एका बाप्याने हा प्रश्न शांतपणे ऐकला आणि विचारलं, ‘लोनचा फॉर्म हाय का?’ दोष त्याचा नाही. ‘सक्षम’ हा शब्द त्याने बँकेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवरच वाचलेला.

त्या संशोधक मुलीने मला विचारलं होतं, ‘कॅपेबिलिटी’ला तुमच्याकडे काय म्हणतात? मी तेव्हा ‘क्षमता’ सांगून मोकळी झाले. नंतर वह्या चाळल्या तर कळलं, लोक तीन शब्द वापरतात, आणि तिन्ही वेगवेगळे. ऐपत, कुवत, मुभा. ऐपत घरात असते, कुवत अंगात असते, आणि मुभा म्हणजे कुणी आडवं न येणं. आंदोऱ्याच्या एका बापाचं बोलणं माझ्या वहीत आहे तसं: ‘शिकवायची ऐपत हाय, पोरीत कुवत बी हाय, पर मुभा न्हाई. भावकी बसू देत न्हाई.’ एका वाक्यात माणूस तुमचं प्रकरण सांगून गेला. सेन यांच्या हाताशी हे तीन शब्द असते तर त्यांची बरीच पानं वाचली असती, असं मला वाटतं. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. पण हे तीन प्रश्न वेगळे विचारून पाहा, उत्तरं वेगळी येतात. एका ‘सक्षम’मध्ये तिन्ही कोंबले की बापाला ‘सांगता येत नाही’वर खूण करावी लागते.

सायकलीचा दाखला आपल्या शास्त्रात प्रसिद्ध आहे. सेन यांनी १९८५ च्या पुस्तकात तो दिला: सायकल ही वस्तू, तिच्यामुळे ये-जा करता येणं ही निराळी गोष्ट, आणि ज्याला चालवता येत नाही त्याला ती असून नसल्यासारखी. हा दाखला आमच्याकडे पुस्तकातून आला नाही, सरकारी ट्रकमधून आला. महाराष्ट्रात २००६ पासून मानव विकास मिशन आहे. आपल्याच विचाराच्या गोतावळ्यातलं. राज्याचा पहिला मानव विकास अहवाल २००२ चा, दुसरा २०१२ चा. दुसऱ्यात राज्याचा निर्देशांक ०.७५२ आणि आमच्या जिल्ह्याचा ०.६४९. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांतल्या महाराष्ट्राच्या चारांत नंदुरबार, गडचिरोली, वाशीमच्या बरोबरीने आम्ही. ४९ निर्देशकांवर आमची प्रगती मोजतात. तर या मानव विकास मिशनमध्ये लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली मिळतात.

एका घरी गेले. आठवीत सायकल मिळालेली मुलगी आता दहावीत. माझ्या फॉर्मात घरातल्या वस्तूंची यादी: टीव्ही, फोन, बैलगाडी, सायकल. सायकल आहे? आहे. खूण केली. मग अंगणात पाहिलं. सायकलीच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या बांधलेल्या, दोरी काळी पडलेली, म्हणजे काल-परवाची बांधलेली नव्हे. मुलगी दप्तर पाठीला लावून चालत निघाली. विचारलं तर म्हणाली, ‘पप्पा डेअरीवर नेतेत.’ मला राग आला. वाटलं, बापाला चार शब्द सुनवावेत. तेवढ्यात आई म्हणाली, ‘तिची फी दुधातच भागती, ताई.’ रागाचं काय करावं ते कळेना. त्या सायकलीने मुलीला शाळेत पोचवलं नाही आणि शाळेत ठेवलंही. आपल्या पुस्तकातल्या सायकलीला किटल्या नाहीत. माझ्या शेऱ्यातल्या सायकलीला आहेत.

त्याच मिशनच्या निळ्या बसबद्दल मात्र चांगलंच लिहावं लागेल. बसला किटली बांधता येत नाही. नुसबाम यांच्या दहा गोष्टींच्या यादीत खेळणं-हसणं याला स्वतंत्र जागा आहे, असं वाचलं. ते बघायचं असेल तर शाळा सुटल्यावर निळ्या बसच्या दारात पाच मिनिटं उभं राहावं. कंडक्टर सुद्धा ओरडायचा थांबलेला असतो.

नळाचं थोडक्यात सांगते. घरात नळ आहे, म्हणजे पाण्याची वंचितता नाही, १ लिहा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, सगळ्या देशाने बातम्या पाहिल्या. आम्ही त्याच धरणाचे. आमच्याकडे रेल्वे नाही. त्या वर्षीही नळ होताच, १ होताच. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी कामावर कोण जात नाही, एवढे दोन प्रश्न वाढवले तर नळाचा खरा अर्थ कळेल. कामावर कोण जात नाही याचं उत्तर मी न विचारता देऊ शकते.

यापुढचं गाऱ्हाणं मोठं आहे आणि त्यात माझाही गुन्हा आहे.

आमच्याकडे कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, आणि कोयता म्हणजेच नवरा-बायको मिळून एक जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. हिशोब होतो तो कोयत्याचा. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात नवऱ्याच्या बरोबरीने वाकते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढते, आणि मजुरीच्या कुठल्याही वहीत तिच्या नावाची ओळ नसते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. तर माझ्या फॉर्मात रकाना: ‘उत्तरदात्या स्त्रीचे स्वतंत्र उत्पन्न’. बायका विचारतात, ‘कोयत्याचं सांगू का?’ मी सांगते, नाही, तुमच्या एकटीचं. त्या हसतात. नवऱ्याकडे बघतात. मग मी नवऱ्याच्या रकमेला दोनाने भागते. विभागणी मी केलेली, स्त्री-पुरुष समानता मी आणलेली. आपल्या एखाद्या लेखात ऊसतोडीत बायकांचा वाटा निम्मा असल्याचं कुठे दिसलं तर ते माझं अंकगणित आहे.

त्याहून वाईट म्हणजे बंद घर. टोळ्या दसरा-दिवाळी झाली की निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक, परततात मार्च-एप्रिलमध्ये. आणि विद्यापीठांचे सर्वे येतात डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा हवा चांगली असते. घराला कुलूप, दाराशी म्हातारं माणूस नाहीतर कुत्रं. सूचना असते: घर बंद असल्यास पुढील घर घ्यावे. पुढचं घर म्हणजे जे गेलं नाही ते घर. ज्याला थोडी शेती आहे, नाहीतर नोकरी, नाहीतर जायचं त्राण नाही. अशा तऱ्हेने गावातल्या सर्वांत हललेल्या माणसांना गाळून गावाचा मानव विकास मोजला जातो. २०११ ची जनगणनाही फेब्रुवारीतच झाली. पुढचीही २०२७ च्या फेब्रुवारीत ठरली आहे. ते सरकारचं झालं, पण त्या आकड्यांवर आपले लेख उभे राहतात.

माझा गुन्हा असा: टार्गेट पुरं होत नसलं की मी बंद घराच्या शेजारणीला विचारून फॉर्म भरलेले आहेत. एकदा नव्हे. तिला शेजारचं सगळं ठाऊक असतं, अगदी चुलीवर काय शिजतं तेही. पण ‘तुम्ही समाधानी आहात का’ हे शेजारणीने शेजारणीच्या वतीने सांगितलेलं आहे. कुठल्या सर्वेत, ते लिहीत नाही.

आणि एक गोष्ट, जी लिहायला हात जड होतो. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत बोंब झाली की नदीपलीकडे बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जातायत. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. सगळ्यांना धक्का बसला. मला बसला नाही. माझ्या वहीत २००७ पासून ‘पिशवी काढली’ हे दोन शब्द आहेत. पाळीत खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आजार अंगावर काढायचा, मग डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका. ‘तीन लेकरं झालीत, आता काय करायचीय पिशवी?’ असं पंचविशीतली बाई मला विचारते. माझ्या फॉर्मात माता-आरोग्याचे सात प्रश्न होते: नोंदणी, लसी, गोळ्या, प्रसूती कुठे. सगळ्याला १. फॉर्म बघाल तर ही बाई मानव विकासाच्या वाटेवर बरीच पुढे आली आहे.

मी ते शेऱ्यात लिहिलं होतं. सहा फॉर्मांवर. कुणीतरी ते वाचलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. पण वाचायला माणूस होता, पगार होता, आणि बारा वर्षं होती.

आपण म्हणाल, एका बाईच्या बोलण्यावर शास्त्र उभं राहत नाही. पण नुसबाम यांनी २००० सालच्या पुस्तकाची उभारणी अहमदाबादच्या वासंती आणि केरळच्या जयम्मा या दोघींच्या गोष्टींवर केली आहे. तेव्हा एका बाईचं ऐकलं तर शास्त्र बिघडत नाही, हे आपणच जगाला दाखवलं.

आता येणं राहिलं आहे त्याबद्दल. येणं हा शब्द मी सावकारीच्या अर्थाने वापरते आहे.

१९७२ चा दुष्काळ आपल्या पुस्तकांत आहे. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्या १९८९ च्या ग्रंथात महाराष्ट्राचा तो दुष्काळ भूकबळी टाळल्याचं उदाहरण म्हणून येतो. कामं काढली, लोकांच्या हातात पैसा गेला, १९७३ च्या मे महिन्यात ५० लाखांच्या आसपास माणसं त्या कामांवर होती. ती माणसं आमची. माझी आई त्यांत होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. दुपारी सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडी मिलो. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिला त्या दुष्काळाची एकच गोष्ट अभिमानाने सांगायची असे: हजेरीपटावर तिचं स्वतःचं नाव होतं आणि पगार तिच्या हातात पडला. घरच्या शेतात ती जन्मभर राबली होती, पण तिच्या नावाची हजेरी कुणी घेतली नव्हती. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, राज्याचा कायदा झाला, मग २००५ मध्ये देशाचा. आपल्या शास्त्राला केवढा दाखला मिळाला. पण ‘तुमच्या खडीवर आम्ही हे पुस्तक लिहिलं बरं का’, असं आईला सांगायला कुणी आलं नाही. मीही नाही, मलाच पुस्तक फार उशिरा कळलं.

प्रत्येक फॉर्मच्या सुरुवातीला संमतीपत्र असतं. त्यात ओळ असते की अभ्यासाचे निष्कर्ष सहभागी व्यक्तींना उपलब्ध करून देण्यात येतील. ती ओळ मी मोठ्याने वाचते, मग समोरचा अंगठा उठवतो. तीस वर्षांत असा एकही निष्कर्ष घेऊन मी कुणाच्या दारात गेलेले नाही, कारण माझ्याकडे तो आलेला नाही. लोक विसरत नाहीत. खामसवाडीत एका म्हातारबाबांनी अंगठा द्यायच्या आधी विचारलं, ‘मागच्या अंगठ्याचं काय झालं?’ एकदा मुलाच्या लॅपटॉपवर ज्या अभ्यासात मी चाळीस दिवस हिंडले त्याचा लेख शोधला. सापडला. उघडायला डॉलर मागितले. रुपयात किती होतात ते मुलाने सांगितलं. लॅपटॉप मिटला. आधीच्या फुकट दिसणाऱ्या पानावर आभार होते: निधी देणाऱ्यांचे, सहकाऱ्यांचे आणि ‘स्थानिक पथकाचे’. स्थानिक पथक म्हणजे मी आणि डिकसळची माझी मैत्रीण. तिचा पाय त्याच सर्वेत कुत्र्याने फोडला होता.

तर आता मागण्या. फार नाहीत, आणि एकीलाही निधी लागणार नाही, किंवा फार थोडा लागेल.

शेऱ्याचा रकाना संगणकात चढवा. मराठी आहे तसा मराठीत चढवा, भाषांतर नंतर. आपल्या नियतकालिकाकडे येणाऱ्या लेखकाला एवढंच विचारा: तुमच्या फॉर्मात शेरा होता का, तो कुणी वाचला का? या एका प्रश्नाने पुष्कळ काम होईल.

ज्या तालुक्यात अभ्यास झाला त्या तालुक्याच्या भाषेत लेखाचा चार पानी सारांश द्या आणि तो तिथे वाचून दाखवा. सभागृह शोधायला नको. कळंबला मोहेकर महाविद्यालय आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल आहे, येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेला अख्खा मराठवाडा येतो. ग्रामपंचायतीपुढचा पार तर कुठेही आहे. आपल्या वार्षिक परिषदा २००८ ला दिल्लीत आणि २०२४ ला कोलकात्यात झाल्या. पुढे भारतात आलात तर त्यातला एक दिवस काढून अशा एखाद्या तालुक्याला द्या. जेवणाची सोय आम्ही करू, ज्वारीची भाकरी चालत असेल तर.

प्रश्न लिहिण्याआधी प्रश्न विचारणारीला विचारा. कुठला प्रश्न कुठे अडतो, कुठल्या प्रश्नाला बाई नवऱ्याकडे बघते, कुठला प्रश्न सासू उठून गेल्यावरच विचारायचा, हे मला आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना पाठ आहे. लेखावर आमची नावं घाला असं मी म्हणत नाही. पण ‘स्थानिक पथक’ यापेक्षा जास्त काहीतरी आम्ही असू.

माझ्या वह्या अकरा आहेत. कोणत्याही दिवशी या, समोर ठेवते. वाचून दाखवायला बसेनही. फक्त दसऱ्याच्या आधी या. नंतर आलात तर वह्या असतील, घरं बंद असतील.



आपली,
एक सर्वेवाली
कळंब, जि. धाराशिव